फादर लोबो कुणापुढे नमले

आमच्या शाळेत समाजसेवेचा वार ठरलेला होता, शनिवार. उरलेल्या दिवशी समाजानं आपलं आपण बघावं. शनिवारी सकाळी शाळेची निळी बस निघायची आणि सिन्नरच्या रस्त्यावरच्या एका गावात आम्हा ‘सेवा मंडळा’च्या पोरांना ओतून द्यायची. छातीवर पितळी बिल्ला, खांद्यावर फावडं आणि पिशवीत पुरी-बटाट्याची भाजी. ज्या गावाची सेवा करायची त्या गावात कुणाकडे पाणी मागायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. हे स्वावलंबन आहे असं बर्वे सर सांगत. कुठल्या घरचं पाणी चालतं नि कुठल्या घरचं नाही, या विचारानं त्यांच्याच घशाला कोरड पडते, असं आम्ही मागल्या सीटवर सांगत असू. बर्वे सर मंडळाचे प्रमुख. घरी सोवळं, दारी सेवा, आणि गळ्यात कायम कॅमेरा. मिशनच्या शाळेत इतकी वर्षं नोकरी करून ते फादर लोकांपेक्षा जास्त मिशनरी झाले होते. फादर एखादा विनोद तरी करत, बर्वे सर तेवढीही सूट घेत नसत.

त्या गावात आम्ही शोषखड्डा खणत असू. मोरीचं सांडपाणी जिरवायला जो खणतात तो. दर वर्षी एक, आणि दर वर्षी त्याच जागी, कारण तिथे खणलं की फोटोत मागे पिंपळ यायचा. ती जागा म्हणजे गावच्या बैलगाड्यांची वाट होती हा तपशील फोटोत दिसत नसे. आमची बस वळली की गावकरी खड्डा बुजवून टाकत, आणि पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा हजर. एकदा पारावर विडी ओढत बसलेला एक म्हातारा म्हणालाच, “पोरांनो, औंदा जरा पल्याड खंदा की. मागल्या सालचा बुजवाया लय तरास झाला.”

“आजोबा, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय,” बर्वे सर प्रेमानं म्हणाले.

“आमच्यासाठी हाय तं मंग आम्हाला इचारा ना, कुठं खंदायचा.”

सरांनी त्याचा फोटो काढला. शाळेच्या वार्षिक अंकात तो ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग’ म्हणून छापून आला. मी पुढे तीस वर्षं सरकारी नोकरी केली, निरुपयोगी कामं पाहायची मला सवय आहे, पण इतका शुद्ध निरुपयोगी खड्डा मी पुन्हा पाहिला नाही. आणि सांगायची लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे मी तो मनापासून खणत असे. तळहाताला फोड आले की बसमध्ये सगळ्यांना दाखवत असे. बाकीची पोरं फावड्याला टेकून पुऱ्या खायची. मी एकटाच खड्ड्यात उतरून भारताचा उद्धार करत असायचो.

परवा माझा नातू शाळेतर्फे अनाथाश्रमात जाऊन आला. तिथल्या मुलांच्या गळ्यात हात टाकून काढलेले फोटो त्यानं मला मोबाइलवर दाखवले. मी म्हटलं, “यातल्या एकाचं नाव सांग.” म्हणाला, “आजोबा, तेवढा वेळ नव्हता.” बर्वे सरांना मूलबाळ नव्हतं, पण वंश चांगला वाढलाय.

आमचं बिऱ्हाड पंचवटीत, भाजीबाजाराच्या तोंडाशी, एका दुकानाच्या माडीवर. दोन खोल्या, एक लाकडी जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशी मंजुळामावशीचं मेथी-कोथिंबिरीचं पोतं. पहाटे लिलावाच्या बोलीनं जाग यायची. त्या आवाजात देवळांच्या घंटा मिसळत. लहानपणी मला बरेच दिवस वाटायचं की देवांचाही लिलाव चालतो. आयुष्यभर पंचवटीत राहून माझं ते मत फारसं बदललेलं नाही. जिन्यात ओल्या कोथिंबिरीचा वास, वर आईच्या चुलीवर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, नि दादांची कोर्टातून यायची वाट. दादा म्हणजे माझे वडील. दिवाणी कोर्टात कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं इंग्रजीत टाइप केली, त्यामुळे इंग्रजी येणाऱ्याला भांडण हरावं लागत नाही असा त्यांचा समज झाला होता. म्हणून मी फादरांच्या शाळेत. गल्लीतले म्हणायचे, “पोरगं बाटवतील.” दादा म्हणायचे, “याला बाटवून ते काय करणार? त्यांचंच नुकसान.”

आईचं दैवत वेगळं होतं. तिचा विश्वास इंग्रजीवर नव्हता, वाटणीवर होता. देवळातून, लग्नामुंजीतून, अगदी कुणाच्या सत्यनारायणातून जे काही हातावर पडेल ते तिथे खायचं नाही, मुठीत घरी आणायचं, देवापुढे ठेवायचं, आणि घरातलं शेवटचं माणूस परत आलं की मगच वाटायचं. चिमूटभर शिऱ्याचेसुद्धा भाग पडायचे, आणि एक कण कोपऱ्यात मुंग्यांना. मी एकदा काळारामाच्या देवळातला पेढा वाटेतच खाल्ला होता. तिनं मला मारलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना एकेक रिकामा तळहात पुढे करायला लावला आणि म्हणाली, “घ्या, आजचा प्रसाद वसंतानं एकट्यानं खाल्लाय.” त्यापेक्षा मार परवडला असता. तेव्हापासून प्रसाद म्हटला की माझा घसा आपोआप मिटायचा.

शाळेत कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि आम्हा बाकीच्यांना नीतिशिक्षण. नीतिशिक्षणात मी दर वर्षी पहिला यायचो, यावरून त्या विषयाची पातळी लक्षात यावी. मुख्याध्यापक फादर लोबो. मंगळूरकडचे, काळेसावळे, तापट, गणित शिकवायचे आणि खडू नेमका मारायचे. त्यांचं मराठी नाशकात येऊन शिकलेलं, त्यामुळे त्यात ‘तुझा आई’ आणि ‘माझी बाप’ सुखानं नांदत. त्या शाळेतल्या सगळ्या थोर माणसांमध्ये हा एकच असा, की सेवा मंडळाची बस परत आली की व्हरांड्यात उभा राहून विचारायचा, “काय, झाला पिकनिक?” बर्वे सरांचे ओठ पातळ व्हायचे. मला राग यायचा. फोड माझ्या हाताला होते ना.

आता मुख्य गोष्ट. दहावीच्या वर्षी मुंबईहून मोठे फादर तपासणीला आले. शाळा चालवणाऱ्या संघातले ते वरिष्ठ. पांढरेशुभ्र केस, जाड भिंगांचा चष्मा, आणि चालताना कायम कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवायची सवय. ती माया होती की आधार होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या हस्ते सेवा मंडळासाठी आभाराची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, ठरली. चॅपलमध्ये पुढल्या बाकांवर आम्ही बिल्लेवाले, हिंदू-ख्रिश्चन सगळे एकत्र, कारण बर्वे सरांना फोटोत रांग सरळ हवी होती. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे मिस्सेतला प्रसाद वाटताना, कॅथलिक नसलेल्यांनी जागेवर बसून राहायचं, हे दर वेळी फादर लोबो आधी सांगत. त्या दिवशी सांगायचं काम बर्वे सरांकडे होतं, आणि सर फिल्मचा रोल भरत होते.

माझ्या शेजारी अँथनी साळवे. मिशनच्या आवारातच राहायचा, त्याची आई शाळा झाडायची. इतकी वर्षं आम्ही गावोगाव सेवा करत हिंडलो, पण साळवेबाईंच्या हातातला झाडू एकदा धरावा असं मंडळाला सुचलं नव्हतं. तिथे पिंपळ नव्हता. अँथनी उठला, त्याच्या मागची पोरं उठली, तसा मीही उठलो. माझा हिशेब सरळ होता. वर्षभर खणलं कुणी? मी. मग प्रसाद कुणाला? पुढे जाऊन बघतो तर सगळे गुडघे टेकून जीभ बाहेर काढतायत. मी सवयीनं उजवा हात पुढे केला, त्याखाली डावा. मोठ्या फादरांनी माझ्या हातांकडे पाहिलंही नाही, काहीतरी इंग्रजीत पुटपुटले आणि चकती समोर धरून थांबले. मी जीभ काढली. त्यांनी कागदासारखी पातळ, पांढरी, गोल चकती तिच्यावर ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

जागेवर येईपर्यंत ती टाळूला चिकटली. आणि घसा मिटला. एकीकडे प्रसाद तोंडात, दुसरीकडे डोळ्यांसमोर घरच्यांचे ते रिकामे तळहात. मिस्सा संपताच मी चॅपलच्या मागे गेलो, बोटानं चकती हलकेच सोडवली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. वळून बघतो तर अँथनी उभा.

“काय केलंस?”

“घरी नेतोय. आईला.”

“अरे वेड्या, ते घरी न्यायचं नसतं! तो देव आहे!”

“मग काय झालं? आमच्या घरी आणखी आहेत.”

अँथनीचा चेहरा त्याच्या शर्टाइतका पांढरा पडला आणि तो धावत सुटला. मी सायकलला टांग मारली. मनात म्हटलं, याला वाईट वाटलं. आपल्या आईला द्यायचं याला सुचलं नाही.

आईनं हात धुऊन रुमाल घेतला, उघडला, चकती कपाळाला लावली. “कुठला ग बाई हा प्रसाद?”

“शाळेतला. येशूचा.”

तिनं चकती पुन्हा एकदा निरखली. मग म्हणाली, “असू दे. देवाचं ते देवाचं.” चांदीच्या वाटीत चकती ठेवली, वर तुळशीचं पान ठेवलं, आणि वाटी देव्हाऱ्यात बाळकृष्णापुढे सरकवली. “दादा येऊ देत. मग वाटू. केवढीशी आहे, सगळ्यांना पुरवायची कशी कुणास ठाऊक.” ती ओली का आहे हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझी नीतिशिक्षणाची तयारी तेवढी पक्की होती.

भाकरी पानात पडते न पडते तोच खाली स्कूटर करवादली. जिन्यात मंजुळामावशीचा आवाज आला, “आवं वहिनी, पाद्री आलाय वं तुमच्याकडं! पांढरा झगा घालून! कोण वारलं काय?” आणि तिला ओलांडून फादर लोबो वर आले. मागे अँथनी. फादरांच्या झग्याला खाली चिखल नि मेथीचा पाला लागलेला. खडू खाऊन खाऊन मी त्यांचे सगळे आवाज ओळखत होतो, पण हा आवाज नवीन होता. गर्दीत पोर हरवलेल्या माणसाचा असतो तसा.

“वसंता. कुठे आहे?”

मी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. ते आत पाऊल टाकणार, तेवढ्यात आई म्हणाली, “बूट.”

त्यांनी दारात बूट काढले. देव्हाऱ्यापाशी गेले, वाटी दिसली, आणि माणूस खाली कोसळावा तसे दोन्ही गुडघे टेकून जमिनीवर आले. हात जोडलेले, मान खाली, ओठ हलतायत. दारात मंजुळामावशी, तिच्या मागे शेजारच्या दोघी-तिघी, आणि सगळ्यांच्या मागून कोर्टाची शनिवारची अर्धी सुट्टी घेऊन आलेले दादा टाचा उंचावून बघतायत. आपला मुलगा शाळेतून काढला गेला आणि मुख्याध्यापक स्वतः देवाची क्षमा मागायला आले, असा काहीतरी त्यांचा अंदाज झाला असावा. ते मागूनच ओरडले, “फादर सर! प्लीज सिट डाउन! चेअर इज देअर!”

फादरांनी हळूच वाटी उचलली. “तोंडात घेतला होतास?” त्यांनी मला विचारलं.

“हो फादर. पण चावली नाही.”

“म्हणजे उष्टं?” आई किंचाळली. “मेल्या, उष्टं ठेवायला लावलंस देवापुढे?”

फादर तुळशीचं पान नखानं सोडवू पाहत होते. पान ओल्या चकतीला चिकटलं होतं, ओढलं तर तुकडा निघाला असता. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं आणि पानासकट चकती तोंडात घातली. मग एक कणही मागे राहू नये म्हणून आमच्याच तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, वाटी फिरवली, ते पाणी प्यायले. आमचा रुमाल घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. आई तोंडाला पदर लावून बघत होती. चहा विचारला तर म्हणाले, “आता नको, बाई.” आणि मला, “सोमवारी. ऑफिसात.”

संध्याकाळपर्यंत पंचवटीत काय पसरलं ते सांगतो. पाद्री आला, बाळकृष्णाला लोटांगण घातलं, तीर्थ मागून प्यायला, तुळस खाल्ली. रामकुंडापर्यंत पोहोचेस्तोवर त्याला अंगात वारंही आलं होतं. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या देवापुढे पाच मिनिटं धड उभं राहून दाखवलं नव्हतं असली माणसं जिन्यात येऊन आमचा देव्हारा बघून गेली. आपला देव मोठा आहे हे ठरवायला यांना एक पाद्री लागला. बर्वे सर पलीकडच्या गल्लीत राहायचे. त्यांनी ही वार्ता ऐकली आणि रविवारी मोठ्या फादरांच्या कानावर घातली. ‘संस्थेच्या काळजीपोटी’ घातली. एका ब्राह्मणानं एका पाद्र्याविरुद्ध दुसऱ्या पाद्र्याकडे चहाडी करावी, की तो आपल्या देवांच्या पाया पडला! असा सर्वधर्मसमभाव पुन्हा होणे नाही.

सोमवारी मला ऑफिसात बोलावलं. टेबलामागे मोठे फादर, बाजूला बर्वे सर वहाणा जुळवून उभे, आणि खिडकीशी खुर्चीत फादर लोबो, स्वतःच्याच ऑफिसात पाहुण्यासारखे. मी चकती कशी घेतली याबद्दल एक शब्द निघाला नाही. तो विषय काढला असता तर ती दिली कुणी, इथवर गेला असता. म्हणजे मी सुटलो होतो. हे मला कळायला हवं होतं आणि मी गप्प बसायला हवं होतं.

मोठ्या फादरांनी इंग्रजीत विचारलं, फादर लोबो तुमच्या घरी देवांच्या मूर्तींपुढे गुडघ्यावर बसले, हे खरं का?

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, फादरांवर आरोप आहे तो उद्धटपणाचा. लोकांच्या घरात घुसले, देव्हाऱ्याला हात लावला, असा. आपण त्यांना वाचवलं पाहिजे. मी छाती काढली, बिल्ला चमकला, आणि माझं आयुष्यातलं सर्वांत अस्खलित इंग्रजी बाहेर पडलं. “येस, फादर! व्हेरी डिव्होटेडली, फादर! टू ऑल गॉड्स!” आणि कुणी थांबवत नाही हे बघून वर, “ही ऑल्सो एट द तुलसी.”

फादर लोबोंनी डोळे मिटले. मोठ्या फादरांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की बुधवारी फादर लोबो आपल्याबरोबर मुंबईला येतील, शाळेसाठी दुसरी व्यवस्था होईल. फादर लोबोंनी एकच वाक्य म्हटलं, की मी कुणापुढे गुडघे टेकले हे मला माहीत आहे. मोठे फादर म्हणाले, ते तुला माहीत आहे, पण गावाला वेगळंच माहीत आहे.

बाहेर आलो तर अँथनी खांबाला टेकून उभा. मी त्याला माझं इंग्रजी ऐकवलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “गाढवा,” तो म्हणाला, “आमच्यात दुसऱ्या देवांपुढे गुडघे टेकणं हेच तर पाप आहे. आता तुझ्या आईला आण. तिनं जवळून बघितलंय.”

आई टांग्यात बसली ती रागातच. राग फादरांवरच होता, आणि शनिवारपासून धुमसत होता. तो कशाचा हे ती मला सांगेना. “तुला काय सांगायचं? ज्याला सांगायचं त्याला सांगते,” म्हणाली. मला वाटलं, झालं, आता फादरांची राहिलेली अब्रूही जाते. ऑफिसात तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. मोठ्या फादरांनी इंग्रजीत विचारलं, बर्वे सरांनी मराठीत सांगितलं, “बाई, मोठे फादर विचारतात, लोबो फादरांनी तुमच्या देवांची पूजा केली का? प्रार्थना केली का?”

“पूजा?” आईनं पदर खोचला. “तेच तर म्हणते मी! माझा बाळकृष्ण तिथे, अन्नपूर्णा तिथे, खंडोबाचे टाक आदल्याच दिवशी चिंचेनं लख्ख घासलेले. भिंतीवर वणीची देवी हीऽ एवढी. या माणसानं एकाला म्हणून हात जोडले नाहीत! मान वर करून देवीकडे बघितलं नाही! दारातनं आला तो सरळ त्या वाटीपाशी. जसं काही बाकीची भांडीच मांडलीयत तिथे! कुणाच्या घरी गेलं, तिथे देव असला, तर माणूस निदान कपाळाला बोट तरी लावतो. शाळेत शिकवता ना तुम्ही रीतभात? मग हे कोण शिकवणार?”

बर्वे सर घसा खाकरून म्हणाले, “शी सेज, नो.”

मोठे फादर म्हणाले, “नाही म्हणायला मराठीत एवढं बोलावं लागतं?”

मग फादर लोबोंनी स्वतःच, शब्दन् शब्द, आपल्याविरुद्धची सगळी तक्रार इंग्रजीत सांगितली. अगदी भांड्यांसकट. सांगताना त्यांचा आवाज हसू येण्याच्या बेतात होता. मोठ्या फादरांनी पुढे विचारलं, आणि तुळस?

“तुळस काय भक्तीनं खाल्ली?” आई म्हणाली. “ती चिकटली होती. नखानं काढायला बघत होते, मीच बघितलं ना. निघाली असती तर तीही ठेवून गेले असते.” आणि मग ती बर्वे सरांकडे वळली. “पण एक सांगा त्यांना. त्या चकतीसाठी हा माणूस माझ्या पोराचं उष्टं गिळून गेला. पंचवटीत इतके भटजी आहेत, त्यातला एक दाखवा मला, देवासाठी दुसऱ्याचं उष्टं खाणारा.”

हे मात्र फादर लोबोंनी इंग्रजीत सांगितलं नाही. बर्वे सरांनाच सांगावं लागलं, आणि ‘भटजी’ या शब्दाशी ते अडखळले. मोठ्या फादरांनी आईकडे, म्हणजे जाड भिंगांतून आई जिथे असावी तिकडे, पाहिलं. मग उठले, टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेले आणि फादर लोबोंच्या डोक्यावर हात ठेवला. बुधवारी ते एकटेच मुंबईला गेले.

टांग्यातून उतरलो तेव्हा बाजाराची वेळ टळून गेली होती. मंजुळामावशी उरलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. तिच्याभोवती तीन-चार जणी. तिला सगळं आधीच कळलेलं. “काय वं वहिनी,” ती म्हणाली, “शाळंत बोलावलं व्हतं म्हणं. खरं सांगा, नमला व्हता ना पाद्री? आमच्या हिला पटतच नाय. म्हणती, ते लोक कुणाम्होरं वाकत नाय.”

मी आईकडे बघितलं. तासाभरापूर्वी तिनं एका माणसाची नोकरी वाचवली होती, ती तो नमला नाही असं सांगून.

“नमला की,” आई म्हणाली. “चांगले दोन्ही गुडघे टेकले. तूच तर बघत होतीस दारातून.”

बायकांनी एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. मंजुळामावशीनं कोथिंबिरीची एक जुडी तशीच आईच्या हातावर ठेवली. मला राहवेना. जिन्यात मी म्हटलं, “आई, तिकडे एक नि इकडे एक? खरं काय मग?”

“खोटं काय सांगितलं? टेकले नव्हते गुडघे?”

“पण कुणापुढे?”

“ते तिकडे विचारलं, तिकडे सांगितलं. इथे कुणी विचारलं?” दोन पायऱ्या चढून ती वळली. “त्यांना त्यांचा माणूस मिळाला, हिला तिचा देव मिळाला. दोघांचं भागलं. आता तू मध्ये खरं बोलायला जाऊ नकोस. आज सकाळी एकदा बोलून झालंय तुझं.”

आणि कुलूप काढून ती चूल पेटवायला लागली.